वाळीत: एका शब्दाचा कर्ता शोधताना

‘त्याले गावानं वाळीत टाकलं.’ वऱ्हाडी बोलीतलं हे चार शब्दांचं वाक्य यवतमाळ जिल्ह्यात कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. ऐकणाऱ्याला पुढचं सगळं ठाऊक असतं. त्या घरी आता कोणी बसायला जाणार नाही, त्या घरच्या लग्नाला मांडव पडला तरी वऱ्हाड जमणार नाही, आणि मयत झाली तर खांदा द्यायला चार माणसं शोधावी लागतील. एवढी मोठी शिक्षा एवढ्या लहान शब्दात मावते, कारण ती कशी द्यायची हे साऱ्या गावाला तोंडपाठ असतं.

जुन्या मराठीत ‘वाळणे’ म्हणजे वगळणे, वर्ज्य करणे. त्यातून ‘वाळीत’ आला. कपडे किंवा पापड वाळत घालतो ते ‘वाळणे’ वेगळं. उच्चाराच्या सारखेपणामुळे दोन्ही एकच वाटतात. आज हे जुनं क्रियापद एकटं कोणी वापरत नाही. त्याचं ‘वाळीत’ हे रूप तेवढं उरलं आणि त्याला ‘टाकणे’ कायमचं चिकटलं. ‘टाकणे’ हे क्रियापद आपण एरवी वस्तूसाठी वापरतो. माणसासाठी ते येतं तेव्हा बहुधा कोणाचा तरी संसार मोडलेला असतो. नवऱ्यानं टाकलेली बायको, जातीनं टाकलेला माणूस, गावानं टाकलेलं घर.

या वाक्यात कर्ता आहे, ही त्याची सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ‘गावानं टाकलं.’ वर्तमानपत्राच्या मथळ्यात तेच वाक्य ‘कुटुंब वाळीत’ असं होतं आणि कर्ता गळून पडतो. मग वाटू लागतं की पाऊस पडावा किंवा ताप यावा तसं वाळीत पडणंही आपोआप घडतं. माणसाला वेगळं ठेवणाऱ्या मराठी शब्दांचा धांडोळा घेताना हे पुन्हापुन्हा दिसतं. काही शब्द टाकणाऱ्याकडे बोट दाखवतात, काही त्याला लपवतात. या प्रकरणात आपण तेवढंच तपासणार आहोत: वेगळं ठेवणारा कोण, आणि आपली भाषा त्याला समोर आणते की पाठीशी घालते.

वेगळं राहणं आणि वेगळं ठेवलं जाणं

यवतमाळ जिल्हा या तपासासाठी चांगली भूमी आहे, कारण इथे वेगळ्या वस्त्यांना वेगळी नावं आहेत. गाव ते गाव. कोलामांची वस्ती म्हणजे पोड. बंजाऱ्यांची वस्ती म्हणजे तांडा. पारध्यांची वस्ती म्हणजे बेडा. एका बाजूला वणी, मारेगाव, झरी जामणी, केळापूर, घाटंजी, राळेगाव या पूर्वेकडच्या तालुक्यांत टेकड्यांच्या कडेला पोड आहेत. दुसऱ्या बाजूला पुसद, दिग्रस, दारव्हा, महागावकडे तांड्यांमागून तांडे लागतात. या चारही शब्दांतून वस्तीचा आकार कळतो आणि तिथे कोण राहतं हेही कळतं. मात्र ही माणसं वेगळी का राहतात, याचं उत्तर चौघांचं सारखं नाही.

कोलाम स्वतःला ‘कोलावर’ म्हणतात. त्यांची कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा. २०११च्या जनगणनेत ती मातृभाषा म्हणून सांगणारे १ लाख २८ हजारांहून अधिक लोक होते. महाराष्ट्रात कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम या तीन जमातींची नोंद अतिअसुरक्षित आदिम जमाती म्हणून आहे. पोडाला आपला नाईक असतो, महाजन असतो, आपले देव आणि आपला न्यायनिवाडा असतो. पोड गावापासून दूर असतो तो कोणाच्या हुकमामुळे नव्हे. शेत, जंगल आणि आपली माणसं यांच्याजवळ राहण्याची ती कोलामांची रीत आहे.

तांड्याचं मूळ व्यापारात आहे. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून दूरदूर फिरणाऱ्या लमाणांचा, म्हणजेच बंजाऱ्यांचा, काफिला म्हणजे तांडा. रेल्वे आली, रस्ते झाले, लादणीचा धंदा बसला आणि तांडे जागोजागी स्थिरावले. त्यांचा नायक, कारभारी आणि ‘नसाब’ नावाची न्यायसभा त्यांच्याबरोबरच राहिली. पुसद तालुक्यातल्या गहुलीत १ जुलै १९१३ रोजी जन्मलेले वसंतराव नाईक अशाच परंपरेतून आले. १९६३च्या डिसेंबरपासून १९७५च्या फेब्रुवारीपर्यंत ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. गावापासून अंतर राखून वसलेल्या वस्तीतला माणूस राज्याच्या सर्वोच्च पदावर अकरा वर्षांहून अधिक काळ बसला, हा या जिल्ह्याच्या इतिहासातला मोठा धडा आहे. वेगळं राहणं म्हणजे कमी असणं नव्हे.

पारधी बेड्याची कथा निराळी आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो देशभर पसरत गेला आणि कित्येक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवत गेला. हजेरी द्यायची, परवानगीवाचून हलायचं नाही, काही ठिकाणी तर तारेच्या कुंपणाआड राहायचं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला आणि या जमातींना ‘विमुक्त’ हे नाव मिळालं. कायद्याच्या पुस्तकातून शिक्का पुसला, पण गावाच्या मनातून गेला नाही. बेडा गावाबाहेर असतो तो बऱ्याचदा गावानं आत येऊ दिलं नाही म्हणून. चोरी झाली की पोलीस आधी तिकडे वळतात, आणि शाळेत बेड्यावरच्या मुलाचं आडनाव वाचताना आवाज बदलतो.

गावकुसाबाहेरच्या दलित वस्तीचं वेगळेपण तर शेकडो वर्षं धर्माच्या आणि रूढीच्या नावाने राखलं गेलं. दिशा ठरलेली, पाणवठा ठरलेला, सावलीसुद्धा ठरलेली. संविधानाच्या १७व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता संपवली, तरी अनेक गावांचा नकाशा अजून तीच जुनी रेघ दाखवतो.

वरून पाहिलं तर पोड, तांडा, बेडा आणि गावकुसाबाहेरची वस्ती सारखीच दिसतात. मुख्य गावापासून थोडं अंतर, मधे शेत किंवा नाला. फरक अंतरात नाही, दार कोण लावतं यात आहे. पोडातला माणूस बाजाराला येतो आणि संध्याकाळी आपल्या मर्जीने आपल्या घरी जातो. वाळीत पडलेला माणूस गावाच्या ऐन मध्यावर राहत असतो, दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लागून शेजार असतो, आणि तरी तो सगळ्यांपासून दूर असतो. यवतमाळच्या नकाशावर सर्वांत लांबची वस्ती शोधायची असेल तर मोजपट्टी उपयोगाची नाही.

आवतन बंद होतं तेव्हा

वाळीत टाकण्याला भिंत, कुलूप किंवा पहारेकरी लागत नाही. रोजचे व्यवहार थांबवले की पुरतं. विदर्भात लग्नाचं, तेरवीचं, पूजेचं बोलावणं म्हणजे आवतन. ते घरोघर जाऊन तोंडी द्यायचं असतं. वाळीत टाकलेलं घर आलं की आवतन देणारा पुढच्या दाराकडे वळतो. पंगतीत जागा मिळत नाही. सोयरीक जुळत आली असेल तर मोडते. न्हावी येत नाही, दुकानदार उधार देत नाही, पेरणीच्या ऐन मोक्याला ट्रॅक्टर मिळत नाही, मजूर येत नाहीत. कापसाच्या पट्ट्यात वेचणीला बायका मिळाल्या नाहीत तर उभं पीक शेतात खराब होतं. म्हणजे ही शिक्षा मानाची असते तितकीच पोटाचीही असते.

या शिक्षेचा सर्वांत क्रूर भाग तिच्या पसरण्यात आहे. वाळीत टाकलेल्याशी जो बोलेल त्यालाही दंड, जो पाणी देईल त्यालाही दंड. त्यामुळे शिक्षा देण्याचं काम पंचांना करावं लागत नाही. भीतीपोटी प्रत्येक शेजारी ते करतो. सख्खी बहीण भावाच्या घरी जायला धजत नाही. ज्यांना मनातून हे पटत नसतं तेही गप्प राहतात, आणि हा गप्पपणाच शिक्षेचा दोर बनतो.

कारणं पाहिली तर त्यांत कमालीचं साम्य दिसतं. जातीबाहेर किंवा पोटजातीबाहेर लग्न केलं. पंचांचा निवाडा न मानता कोर्टात गेला. देवस्थानाच्या किंवा जातीच्या पैशांचा हिशोब मागितला. निवडणुकीत सांगितलेल्या माणसाला मत दिलं नाही. विधवेनं पुन्हा लग्न केलं. म्हणजे कोणाला तरी इजा केली म्हणून माणूस क्वचितच वाळीत पडतो. त्याने स्वतःच्या आयुष्याबद्दल स्वतः निर्णय घेतला, एवढ्यासाठी तो पडतो.

जातपंचायत हा शब्द भारदस्त वाटतो. जातीतले लोक या सभेला ‘जातगंगा’ही म्हणतात. गंगा म्हटलं की ती पावन करणारी, तिच्याविरुद्ध कोण बोलणार? शब्दाची निवड इथेही टाकणाऱ्याच्या बाजूने उभी राहते. पाच माणसांनी बसून दिलेला निकाल साऱ्या जातीच्या आणि देवाच्या तोंडून आल्यासारखा वाटू लागतो.

पुण्यातला चहा, मुरूडचा बहिष्कार

ही रीत फक्त अडाणी किंवा गरीब समाजाची आहे, असा समज असेल तर तो सोडावा. शिकलेल्या, सत्तेजवळच्या समाजानेही ती तितक्याच नेटाने राबवली. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटं आली. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. ख्रिस्ती मिशनच्या घरात चहा घेतलेल्यांची नावं जाहीर झाली आणि प्रकरण पेटलं. ते शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्ताची भाषा सुरू झाली. अशा जातीय वादाला तेव्हाच्या मराठीत ‘ग्रामण्य’ म्हणत. हायकोर्टाचे न्यायाधीश होणाऱ्या रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतलं, कारण त्यांच्यामुळे आप्तस्नेह्यांचे व्यवहार अडले होते. वाळीत टाकण्याची पकड किती घट्ट असते याचं याहून बोलकं उदाहरण शोधावं लागणार नाही.

त्यानंतर तीनच वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. कोकणातल्या त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या माणसाला पुढे भारतरत्न मिळालं, त्याला आपल्याच गावात आपल्याच आईजवळ राहणं अवघड झालं.

मात्र रानडे आणि कर्वे यांना आत जागा होती म्हणून त्यांना बाहेर काढता आलं. ज्यांना कधी आत घेतलंच नव्हतं, त्यांच्या वेगळेपणाला कोणी शिक्षाही म्हणत नव्हतं. तो ‘धर्म’ होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे भाषेत एक निर्णायक पाऊल टाकलं. २० जुलै १९२४ रोजी स्थापन केलेल्या संस्थेला त्यांनी ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ हे नाव दिलं आणि ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केलं. ‘अस्पृश्य’ हा शब्द माणसातच काही दोष असल्याचं सुचवतो: याला शिवू नये, असाच हा आहे. ‘बहिष्कृत’ म्हणजे ज्याला बाहेर केलं गेलं तो. या शब्दात कृती आहे, म्हणून करणारा आहे, म्हणून जबाबदारीही आहे. लपलेल्या कर्त्याला उजेडात आणणारा शब्द त्यांनी मथळ्यावर छापला.

‘बहिष्कार’ या शब्दाला त्याआधीच दुसरा अर्थ मिळाला होता. वंगभंगानंतरच्या चळवळीत स्वराज्य, स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण यांच्याबरोबर बहिष्कार ही चतुःसूत्री झाली. परदेशी मालावर बहिष्कार म्हणजे निःशस्त्र लोकांनी बलाढ्य सत्तेविरुद्ध उचललेलं हत्यार. इंग्रजीतला ‘बॉयकॉट’ हा शब्दही असाच जन्मला. १८८० साली आयर्लंडमध्ये चार्ल्स बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी कुळांनी सगळे व्यवहार तोडले आणि त्याचं आडनाव क्रियापद होऊन बसलं.

मग बहिष्कार चांगला की वाईट? हे हत्यार कोणाच्या हातात आहे आणि कोणावर चाललं आहे, यावर उत्तर अवलंबून आहे. कुळांनी मालकाच्या माणसाशी व्यवहार तोडणं आणि मालकांच्या गावाने भूमिहीनाची मजुरी, पाणी, वाट तोडणं यांना एकच नाव असलं तरी ती एकच गोष्ट नाही. महाडच्या सत्याग्रहानंतर ठिकठिकाणी सवर्णांनी अस्पृश्यांवर असाच बहिष्कार टाकला. आंबेडकरांना हे नेमकं ठाऊक होतं. गोलमेज परिषदेपुढे मांडलेल्या मागण्यांत त्यांनी सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवावं असं सुचवलं आणि त्यासाठी ब्रह्मदेशातल्या १९२२च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला. ती मागणी महाराष्ट्रात कायद्यात उतरायला पाऊणशेहून अधिक वर्षं जावी लागली.

कायद्याने कर्त्याचं नाव विचारलं

मधे एक प्रयत्न झाला होता. मुंबई प्रांताने १९४९ साली बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला. यवतमाळला त्याचा लगेच काही उपयोग नव्हता, कारण वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होतं. १ नोव्हेंबर १९५६ला ते मुंबई राज्यात आलं. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी या कायद्याला आव्हान दिलं आणि जानेवारी १९६२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो घटनाबाह्य ठरवला. धर्मपंथाला आपल्या धार्मिक बाबी चालवण्याचं स्वातंत्र्य आहे, हा त्या निकालाचा पाया. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी त्यापासून वेगळं मत नोंदवलं. हा प्रश्न अजून मिटलेला नाही. फेब्रुवारी २०२३मध्ये घटनापीठाने तो नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला.

दुसरा प्रयत्न चळवळीतून आला. २०१३मध्ये नाशिकमध्ये जातीबाहेर लग्न केलेल्या एका गरोदर मुलीचा बापानेच खून केला आणि त्यामागचा जातपंचायतीचा दबाव समोर आला. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतीला मूठमाती देण्याचं अभियान सुरू केलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २० ऑगस्टला, समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यात खून झाला. अभियान थांबलं नाही. रायगडपासून विदर्भापर्यंत वाळीत टाकलेली कुटुंबं बोलू लागली.

१३ एप्रिल २०१६ रोजी विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा एकमताने मंजूर केला. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर ३ जुलै २०१७पासून तो लागू झाला. असा स्वतंत्र कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम पीडितांना देता येते. आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवावा, अशीही त्यात अपेक्षा आहे. बहिष्कारासाठी सभा भरणार असल्याचं कळलं तर जिल्हा प्रशासन ती रोखू शकतं.

या कायद्याचं खरं सामर्थ्य त्याच्या यादीत आहे. ‘वाळीत टाकणे’ या एका शब्दाची त्याने फोड केली. लग्न, अंत्यविधी किंवा धार्मिक कार्य करू न देणे. समाजमंदिर, स्मशानभूमी, पाणवठा वापरू न देणे. शाळा, दवाखाना यांच्या वाटेत येणे. धंद्याचे संबंध तोडायला दुसऱ्यांना चिथावणे. विशिष्ट पोशाख किंवा भाषा लादणे. इतकंच काय, एका घरातल्या मुलांना दुसऱ्या घरातल्या मुलांशी खेळू न देणे हीसुद्धा बहिष्काराची कृती ठरवली. कायदे करणाऱ्यांनी मुलांच्या खेळाची नोंद घेतली हे फार मोलाचं आहे, कारण वाळीत पडल्याचं मुलाला पहिल्यांदा कळतं ते खेळातून बाहेर राहावं लागतं तेव्हा.

फोड करण्याचा फायदा असा की प्रत्येक कृतीला करणारा सापडतो. ‘गावानं टाकलं’ म्हटलं की गावाला अटक करता येत नाही. आवतन देऊ नका असं कोणी सांगितलं, नळाचं पाणी कोणी अडवलं, बैठकीत कोण बसलं होतं, हे विचारता येतं. समूहाच्या आड उभ्या राहिलेल्या माणसाला कायदा नावानिशी बाहेर बोलावतो. तक्रार पोलीस ठाण्यात देता येते. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी त्याची दखल घ्यायलाच हवी. पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर तडजोडीलाही वाव आहे. हा वाव महत्त्वाचा आहे, कारण वाळीत पडलेल्या बहुतेकांना शेजाऱ्याला तुरुंगात पाठवायचं नसतं. त्यांना त्याच गावात माणसांसारखं राहायचं असतं.

बैठकीशिवायचा बहिष्कार

कायद्याच्या हाती लागतो तो बैठक घेऊन टाकलेला बहिष्कार. यवतमाळ जिल्ह्यात अशी हजारो माणसं आहेत ज्यांच्यासाठी कधी बैठक भरली नाही, कोणी फर्मान काढलं नाही, आणि तरी ती वेगळी पडली. त्यांच्यासाठी भाषेत जे शब्द आहेत त्यांत कर्ता नावालाही नाही.

शेतकरी आत्महत्यांनी या जिल्ह्याचं नाव देशभर गेलं. नवरा गेल्यावर मागे राहिलेल्या बाईला ‘विधवा’ म्हणतात. हा शब्द फक्त नवरा नसण्याची नोंद करतो. पण शब्दामागून येणारं सगळं माणसंच करतात. हळदीकुंकवाला न बोलावणं, लग्नात मांडवाच्या कडेला बसवणं, कपाळ आणि हात मोकळे ठेवायला लावणं, शेताच्या सातबाऱ्यावर नाव चढवायला टाळाटाळ करणं. महिला किसान अधिकार मंचाने २०१८मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ स्त्रियांची पाहणी केली. त्यांतल्या ४० टक्के स्त्रियांना त्या कसत असलेल्या शेतीवर हक्क मिळालेला नव्हता. नांगर तिच्या हातात, कर्ज तिच्या डोक्यावर, आणि कागदावर मात्र ती बाहेर.

त्यात सरकारी भाषेने आणखी एक शब्द घातला. आत्महत्या झाली की चौकशी होते आणि प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरतं. कर्ज, थकबाकी, वसुलीचा तगादा हे निकष बसले तर एक लाख रुपयांची मदत, नाहीतर काही नाही. निकष असावेत हे खरं. पण ‘अपात्र’ हा शिक्का मरण पावलेल्या माणसाच्या दुःखावर बसतो आणि गावात त्याचा अर्थ होतो: याचं मरण शेतीपायी नव्हतंच, दुसरंच काही असेल. त्या कुजबुजीने घर आणखी एकटं पडतं.

या पार्श्वभूमीवर जानेवारी २०१९मधलं यवतमाळचं ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन लक्षात ठेवण्याजोगं आहे. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतलं गेलं, त्यावरून राज्यभर संताप उसळला. दिलेलं आवतन परत घेणं म्हणजे काय, हे सगळ्या मराठी जगाने तेव्हा पाहिलं. शेवटी त्या व्यासपीठावर उद्घाटक म्हणून उभ्या राहिल्या कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे. शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर संसार आणि शेती पेलणाऱ्या, शेतकरी विधवांच्या जगण्यावरच्या ‘तेरवं’ या नाटकात काम करणाऱ्या. मंगल कार्यात जिला मागे ठेवतात, तिच्या हस्ते मराठी साहित्याचा सर्वांत मोठा उत्सव सुरू झाला. संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांच्याइतकंच त्या दिवशी लोकांनी वैशालीताईंचं बोलणं कान देऊन ऐकलं.

आज विदर्भात काम करणाऱ्या अनेक संघटना ‘विधवा’ऐवजी ‘एकल महिला’ म्हणतात. नवरा गेलेली, नवऱ्याने टाकलेली, लग्न न केलेली, घटस्फोट घेतलेली या सगळ्या त्यात येतात. हा शब्द स्त्रीची ओळख नवऱ्याच्या नसण्यावरून करत नाही, म्हणून तो चांगला. पण प्रत्येक नवा शब्द चांगला नसतो. २०२३मध्ये विधवांच्या नावामागे ‘गंगा भागीरथी’ लावण्याचा प्रस्ताव मंत्र्यांकडून पुढे आला तेव्हा स्त्रियांनीच तो झिडकारला. पावित्र्याची झूल घातली तरी शिक्का तो शिक्काच, आणि पुरुषाच्या नावामागे बायको गेल्याची खूण कोणी लावत नाही. त्याआधी मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. हेरवाडने नवा शब्द शोधला नाही. हातानं करायची कृती थांबवली.

यवतमाळचा आणखी एक शब्द ऐकताना मान खाली जाते: ‘कुमारी माता’. झरी जामणी, मारेगाव, पांढरकवडा या भागांत कोलाम, गोंड मुलींना फसवून, लग्नाचं आमिष दाखवून बाहेरून आलेले ठेकेदार, व्यापारी, वाहनचालक निघून गेले. मुलगी आणि तिचं बाळ मागे राहिलं. काहींना त्यांच्याच समाजाने दंड केला, काहींना पोडाच्या कडेला वेगळी झोपडी बांधून राहावं लागलं. हा प्रश्न दोन-तीन दशकं विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत येत राहिला, पण ज्या शब्दाने तो येतो तो पाहा. त्यात आई आहे, तिचं लग्न न झालेलं असणं आहे. बाप कुठेच नाही. गुन्हा करणारा शब्दातूनच सुटला, आणि जिच्यावर अन्याय झाला तिचं नाव मथळ्यावर चढलं. त्या मुलींना ‘फसवलेल्या’ म्हटलं तरी निदान कोणीतरी फसवलं हे कळतं आणि शोध सुरू होतो.

हेच सूत्र इतरत्र लावून पाहता येतं. ‘परित्यक्ता’पेक्षा ‘नवऱ्याने टाकलेली’ हे साधं मराठी अधिक खरं बोलतं. मासिक पाळीत बाई ‘बाहेरची’ झाली असं म्हणतात, जणू ती आपणहून उठून गेली. गडचिरोलीत माडिया स्त्रियांना त्या दिवसांत ‘कुर्माघरा’त राहावं लागतं, पावसाळ्यात गळणारं छप्पर आणि साप-विंचवांची भीती त्या सोसतात. तिला बाहेर बसवलं जातं, असं म्हटल्याशिवाय कोण बसवतं हा प्रश्नही पडत नाही.

आत घेण्याचे शब्द

मराठीने टाकण्याचे शब्द घडवले तसे परत घेण्याचेही घडवले. ‘गोतात घेणे’, ‘पंक्तीत घेणे’, ‘शुद्ध करून घेणे’. नेताजी पालकरांना धर्मांतरानंतर १६७६ साली शिवाजी महाराजांनी प्रायश्चित्त देऊन पुन्हा आपल्यात घेतलं. दार आतून उघडता येतं, हे त्या काळालाही मान्य होतं. मात्र या जुन्या शब्दांत एक खोट आहे. परत येणाऱ्याने चूक कबूल करायची, दंड भरायचा, जातीला जेवण घालायचं. टाकणाऱ्यांनी काहीच करायचं नाही. आजही जातपंचायती वाळीत टाकलेल्याला पैसे घेऊन ‘आत’ घेतात. त्यात न्याय नसतो, फक्त सौदा असतो.

खरं परत घेणं उलट्या दिशेने व्हायला हवं. ज्याने आवतन थांबवलं त्याने ते घेऊन जायचं. ज्याने पाणी अडवलं त्याने वाट मोकळी करायची. ज्या तलाठ्याकडे सातबाऱ्याचा अर्ज पडून आहे त्याने नाव चढवायचं. हे करायला कोलामाने पोड सोडून गावात येण्याची गरज नाही, बंजाऱ्याने तांडा मोडण्याची नाही, बेड्यावरच्या मुलाने आडनाव बदलण्याची नाही. वेगळेपण राहू द्यावं. त्याच्यावर लावलेलं कुलूप काढावं.

भाषा वापरणारे म्हणून आपल्या हाती एक काम तर आहेच. ‘कुटुंब वाळीत पडलं’, ‘बाई टाकलेली आहे’, ‘ती बाहेरची आहे’, ‘तो जातीतून गेला’ अशी वाक्यं बोलताना, लिहिताना, मथळ्यात छापताना त्यांत कर्ता भरायचा. कोणी टाकलं? कोणत्या बैठकीत? कोण गप्प बसलं? हा प्रश्न विचारणं पोलिसांचं काम आहे, पत्रकाराचं आहे, शिक्षकाचं आहे, शेजाऱ्याचंही आहे. तो विचारला जाऊ लागला की वाळीत टाकणाऱ्यांना समूहाच्या आड लपता येणार नाही, आणि कायद्याच्या पुस्तकातलं कलम गावात कामाला लागेल.